केनियात चर्चतर्फे अनाथ मुलांसाठी काम सुरू करायचंय? मग आधी बिल्डिंगचा विचार सोडा

अनाथ मुलं म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लगेच एक लांबलचक खोली येते, दोन्ही बाजूंना डबलडेकर पलंग, भिंतीवर येशूचं चित्र आणि गेटवर देणगीदाराच्या नावाची पाटी. चर्चच्या मीटिंगमध्येही पहिला प्रश्न हाच असतो की प्लॉट कुठे घ्यायचा. केनियात तरी हा प्रश्न सरकारनेच निकालात काढलाय. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये नवीन बालगृहांचं रजिस्ट्रेशन थांबवलं, २०२२ ला नवा चिल्ड्रन अ‍ॅक्ट आला, आणि २०२२ ते २०३२ असा दहा वर्षांचा आराखडा ठरला, त्यात मुलांना संस्थांमधून काढून घरांमध्ये वाढवायचं हे धोरण आहे. म्हणजे तुम्ही उद्या पैसे घेऊन उभे राहिलात तरी नवीन अनाथाश्रमाला परवानगी मिळायची नाही, आणि माझ्या मते ते बरंच झालं.

मी किसुमूत राहते आणि आमच्या पॅरिशच्या अशाच कार्यक्रमाचे हिशोब बघते, त्यामुळे खाली जे लिहितेय ते बऱ्यापैकी व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूचं आहे, किसुमू, सियाया, होमा बे, मिगोरी. देशात एचआयव्हीचं प्रमाण सगळ्यात जास्त याच पट्ट्यात आहे आणि आईबाप गेलेली मुलंही इथे खूप. मराठी मंडळींपैकी बरेच जण विचारतात की आम्हाला मदत करायची आहे, किंवा आमच्या इथल्या चर्चला काहीतरी सुरू करायचंय, नेमकं काय करू. तर हे घ्या सविस्तर.

पहिलं म्हणजे अनाथ कोण ते. युनिसेफच्या मोजणीत आई किंवा बाप यातलं एक जरी गेलं तरी मूल अनाथ धरतात, दोन्ही जायची गरज नाही. म्हणजे आकडेवारीतल्या पुष्कळ अनाथांची आई जिवंत असते, आणि दोघंही गेलेली बहुतेक मुलं आजीकडे, मावशीकडे, काकाकडे, कधी मोठ्या बहिणीकडे असतात. रस्त्यावर कुणीच नसलेलं मूल हा अपवाद. तेव्हा तुमच्या कार्यक्रमाला मुलांसाठी घर बांधायचं नाहीये, घर आहेच, ते मोडू द्यायचं नाहीये. एवढं मीटिंगमध्ये सगळ्यांच्या गळी उतरलं तर अर्धं काम झालं, आणि खरं सांगायचं तर हेच उतरवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण बिल्डिंगचा फोटो काढता येतो, आजीच्या सुफुरियात, म्हणजे पातेल्यात, शिजणाऱ्या उगालीचा, म्हणजे मक्याच्या घट्ट पिठल्यासारख्या जेवणाचा, काय फोटो काढणार.

यादी कुणी करायची

पाळकाने नाही. हे स्पष्टच सांगते. पाळकाने यादी केली की त्यात दर रविवारी येणारी, गाण्याच्या ग्रुपमधली, समोरच्या बाकावर बसणारी कुटुंबं येतात, मुद्दाम नाही पण येतात. आणि जी आजी चालवत नाही म्हणून महिनोन्महिने चर्चला आली नाही ती राहून जाते, दुसऱ्या चर्चची किंवा मुसलमान शेजारीण तर सोडूनच द्या.

कॅथलिकांमध्ये इथे जुमुइया असतात, म्हणजे आसपासच्या पंधरा-वीस घरांचा छोटा गट, आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतात, अँग्लिकनांमध्ये मदर्स युनियन ही बायकांची संघटना असते, बाकीच्यांमध्येही काही ना काही असतंच. या गटांना सांगायचं की तुमच्या भागातली अशी घरं सांगा जिथे मुलं दुसऱ्याच्या आधारावर आहेत, धर्म-चर्च बघू नका. मग तीच यादी गावच्या असिस्टंट चीफला (चीफ म्हणजे सरकारने नेमलेला गावपातळीवरचा अधिकारी) आणि कम्युनिटी हेल्थवाल्या बाईला दाखवायची, तिला घराघरातलं माहीत असतं. दोन-तीन बाजूंनी एकच नाव आलं की ते पक्कं, आणि एकाच बाजूने आलेलं नाव असेल तर जाऊन बघायचं.

आणि एक सांभाळा, यादीचं नाव अनाथांची यादी ठेवू नका. एचआयव्हीने गेलेल्यांच्या मुलांची यादी तर चुकूनही नको, एकदा असं नाव पडलं की शाळेत त्या पोराच्या बाजूला कुणी बसत नाही. आम्ही घराची यादी म्हणतो. यादीत ज्या घरात अनाथ नाही पण बाप अंथरुणाला खिळलाय असंही घर असतं, आणि असलंच पाहिजे.

घरभेट, म्हणजे खरं काम

झिम्बाब्वेत मुतारे शहराच्या आसपास १९९३ पासून फोकस नावाचा एक कार्यक्रम चालायचा, फॅमिली एड्स केअरिंग ट्रस्ट नावाच्या संस्थेचा. एड्सने माणसं पटापट जात होती तेव्हा त्यांनी अनाथाश्रम न काढता खेड्यापाड्यातल्या चर्चमधल्या बायकांनाच तयार केलं, त्या आपापल्या भागातल्या घरांना नियमित भेटी द्यायच्या आणि गरजेप्रमाणे थोडं बियाणं, थोडी शाळेची फी, ब्लँकेट असं पोचवायच्या. आज आफ्रिकेत चर्चचे जे चांगले कार्यक्रम दिसतात त्यातले बरेच याच धाटणीचे आहेत. खर्च कमी, कारण पगारी माणसं जवळपास नाहीत, आणि भेट देणारी बाई त्याच रस्त्यावर राहते.

तर अशा बायका निवडा. (पुरुष पण चालतात, पण मुलींच्या घरी एकटा पुरुष पाठवायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून.) एका बाईला चार-पाच घरांपेक्षा जास्त देऊ नका, तिचंही घर असतं, शांबा म्हणजे शेत असतं, बाजार असतो. पंधरा दिवसांतून एकदा तरी भेट व्हायला हवी. बोडा-बोडाचं (मोटरसायकल टॅक्सीचं) भाडं आणि फोनचा एअरटाइम एवढं तिला द्या, स्वयंसेवा म्हणून तिच्याच खिशातून खर्च करायला लावणं ही चर्चची जुनी खोड आहे आणि ती वाईट आहे.

आता भेटीत बघायचं काय. फॉर्म घेऊन रांगेत प्रश्न विचारत बसलं की सगळं छान छान ऐकायला मिळतं. त्यापेक्षा बसायचं, शेंगा सोलायला लागायचं, आणि नजर फिरवायची. चूल पेटलेली आहे का आणि किती वाजता पेटली. जेवताना कोण आधी जेवतं, काकूची मुलं आधी आणि हे पोर शेवटी असं आहे का. झोपायला चटई किती आणि माणसं किती. गणवेश धुऊन वाळत घातलाय की तसाच कोपऱ्यात पडलाय, म्हणजे आठवडाभर शाळेत गेलेलंच नाही. मूल तुमच्याशी बोलतं का, की प्रत्येक उत्तराआधी मोठ्या माणसाकडे बघतं. आणि आजी स्वतः जेवते का, हे विचारायचं सगळे विसरतात. ओमेनाचा, म्हणजे सरोवरातल्या बारीक मासळीचा, एक वाडगा चार नातवंडांत वाटून आजी रश्शात उगाली बुडवून खाते, ती पडली आजारी की घरच बसलं.

मुलाशी वेगळं बोलायला हवं, पण घरामागे कोपऱ्यात नेऊन नाही, अंगणात, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. शाळा, मित्र, पोट दुखतं का, रात्री झोप लागते का, इथून सुरुवात करा. आई कशाने गेली हा प्रश्न तुम्ही विचारायचा नाही, ते सांगेल तेव्हा ऐकायचं. आणि ऐकल्यावर लगेच देवाची इच्छा वगैरे सांगायला जाऊ नका, प्लीज. आठ वर्षांच्या मुलाला देवाने आई नेली असं सांगितलं की ते देवाला घाबरायला लागतं.

एक वाद दर वेळी होतो, म्हणून आधीच सांगते. घरात पाच मुलं, त्यातली दोन अनाथ, कार्यक्रमाने दोघांना बूट आणले. तिघं अनवाणी बघत बसली. दुसऱ्या भेटीत त्यातला एक बूट काकूच्या मुलाच्या पायात असतो आणि मग आमच्याच मीटिंगमध्ये चर्चा की काकू चोर आहे. काकू चोर नाहीये, तुम्ही तिच्या घरात पंक्तिप्रपंच केलात. एक तर पाचही जणांना द्या, नाहीतर घराला उपयोगी पडेल असं द्या, मच्छरदाणी, पाण्याचं पिंप, छपराला मबाटीचे पत्रे, कोंबड्या. पैसे कमी असतील तर घरं कमी घ्या पण घरातली सगळी मुलं घ्या.

कागदपत्रं, कंटाळवाणी पण सगळ्यात उपयोगी

माझ्या मते चर्चला जर एकच गोष्ट परवडत असेल तर ती ही करावी, कारण हिला पैसे जवळपास लागतच नाहीत, चिकाटी लागते. जन्माचा दाखला नसेल तर शाळेच्या सरकारी कॉम्प्युटरवर मुलाची नोंद अडते, परीक्षेला अडते, पुढे आयडीला अडते. आईबापाचा मृत्यूचा दाखला नसेल तर बर्सरीच्या, म्हणजे फीच्या मदतीच्या, फॉर्मवर अनाथ म्हणून खूण केली तरी पुरावा काय म्हणतात. खेड्यात माणूस गेला की दफनाची परवानगी घेतात आणि विषय संपतो, पुढचा दाखला काढायला कोणी जात नाही.

उशिरा जन्मनोंद करायला पुरावे लागतात, लसीकरणाचं क्लिनिक कार्ड, शाळेचा कागद, चीफचं पत्र, आणि हो, बाप्तिस्म्याचं कार्ड पण चालतं. म्हणजे बघा चर्चच्या कपाटात जे जुनं बाप्तिस्म्याचं रजिस्टर धूळ खात पडलंय त्यात कित्येक मुलांची जन्मतारीख आणि आईबापाची नावं शाईने लिहिलेली आहेत. पॅरिशच्या क्लार्कला महिन्यातून एक दिवस फक्त याच कामाला बसवा, रजिस्टरमधून कार्ड काढून द्यायचं आणि फी घ्यायची नाही. मग पाच-सहा आज्यांना एकत्र एका गाडीने हुडुमा सेंटरला, म्हणजे सरकारी दाखले मिळतात त्या केंद्रात, न्यायचं, एकेकटी गेली तर रांग बघून परत येते.

जमिनीचंही याच फायलीत बघा. बाप गेला की काही महिन्यांत काका शांबा नांगरायला लागतो, मुलं लहान असतात, आई बाहेरची मानली जाते किंवा तीही गेलेली असते. कोर्टात वारसाची केस टाकताना चीफचं पत्र लागतं आणि त्या पत्रात वारसांची नावं असतात, तिथे मुलांची नावं राहिली की पुढे निस्तरायला वर्षं जातात. त्यामुळे पत्र लिहिलं जातंय असं कळलं की चर्चमधलं वजनदार माणूस, रिटायर्ड हेडमास्तर वगैरे, त्याने चीफच्या ऑफिसात जाऊन बसावं. भांडायचं नाही, नुसतं बसायचं आणि मुलींची पण नावं घातली ना साहेब असं विचारायचं. फार चालतं हे.

शाळा

प्राथमिक शिक्षण २००३ पासून फुकट आहे असं कागदावर म्हणतात, पण गणवेश, वह्या, परीक्षेचे पैसे, दुपारच्या जेवणाचे पैसे हे येतंच राहतं, आणि मूल घरी परत पाठवतात ते या किरकोळ पैशांसाठी. हेच पैसे वेळेवर, जानेवारीत टर्म सुरू व्हायच्या आधी गेले पाहिजेत. मार्चमध्ये आलेल्या पैशांचा उपयोग अर्धाच.

पैसे शाळेच्या खात्यावर थेट टाका, फोनवरून पैसे भरायचा पेबिल नंबर असतो, पावती पालकाच्या फोनवर जाते. गणवेश चर्चमधल्याच शिवणकाम करणाऱ्या बाईकडून शिवून घ्या, दोन पैसे तिला मिळतात. मोठ्या मुलींना पॅड दर महिन्याला, यात लाजायचं काही नाही, पाळकांना लाज वाटत असेल तर त्यांनी या मीटिंगला येऊ नये.

बोर्डिंगचा मोह टाळा. सरकारने ठरवून दिलेली मोठ्या राष्ट्रीय बोर्डिंग शाळेची फी वर्षाला ५३,५५४ शिलिंग आहे, वर गादी-पेटी-प्रवास वेगळा, आणि तेवढ्यात डे स्कूलमधली किती मुलं निघतात ते तुम्हीच मोजा. एखादं फार हुशार मूल असेल तर त्याच्यासाठी काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची), सीडीएफची (मतदारसंघाच्या विकास निधीची), बँकांच्या फाउंडेशनची स्कॉलरशिप शोधा, चर्चच्या पैशातून नको. मला माहितीय हे ऐकायला कडू लागतं, कारण देणगीदाराला हुशार मुलाचीच गोष्ट आवडते. पण ज्याला गणितात शंभरात वीस पडतात तोही अनाथ आहेच, त्याला सुतारकाम किंवा मोटरसायकल रिपेअरिंग शिकायला पॉलिटेक्निकला घालायला थोडेच पैसे लागतात आणि तो लवकर कमवायला लागतो.

मुलगी शाळेत यायची बंद झाली की दुसऱ्याच दिवशी घरी जा. सरोवराच्या काठच्या गावांत मासे विकणाऱ्या बायका-मुलींना मासे मिळवायला कोळ्यांबरोबर झोपावं लागतं, जाबोया म्हणतात त्याला, आणि ज्या घरात बाप नाही तिथली मुलगी यात आधी अडकते. मुलगी गरोदर राहिली तरी तिला शाळेत परत घ्यायचं हे सरकारचंच धोरण आहे, हेडमास्तर नाही म्हणाले तर त्यांना ते दाखवा. आणि चर्चने तिला गाण्याच्या ग्रुपमधून काढून टाकायचं नाही, एवढी साधी गोष्ट, पण ती सांगावी लागते.

पैसा घरात कसा यावा

सरकारी पैसे आधी. केनिया सरकार २००४ पासून अनाथ आणि गरजू मुलं सांभाळणाऱ्या गरीब घरांना रोख मदत देतं, आता ती इनुआ जामी नावाखाली येते, महिन्याला २,००० शिलिंग घरटी. नवीन नावं सतत घेत नाहीत, पण नोंदणी उघडली की तुमची यादी तयार असली पाहिजे, म्हणून तर वरचे कागद. चर्चने कधीही जेवढे पैसे जमवले नसते तेवढे या एका दारातून गावात येऊ शकतात.

दुसरं, बचत गट. आपल्याकडची भिशी असते तसंच पण जरा जास्त शिस्तीचं, इथे चामा म्हणतात, आणि संस्थांच्या भाषेत गावपातळीवरचा बचत-कर्ज गट, जो केअर या संस्थेने १९९१ मध्ये नायजरमध्ये सुरू केला आणि मग आफ्रिकाभर पसरला. वीस-पंचवीस जणी, तीन कुलपांची पेटी, तीन किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे, दर आठवड्याला सगळ्यांसमोर पैसे मोजायचे, त्यातूनच कर्ज, वर्षाअखेरीस व्याजासकट वाटप. आज्या आणि मावश्या यात घ्या. वर्षाअखेरीचं वाटप डिसेंबरात ठेवलं की ते बरोब्बर जानेवारीच्या शाळेच्या खर्चाला येतं, हे टायमिंग चुकवू नका. पेटीत चर्चने बाहेरून पैसे ओतायचे नाहीत. फुकटचे पैसे आले की कर्ज परत येत नाही आणि भांडणं सुरू होतात, हे इथे कुठल्याही चामात विचारा.

तिसरं म्हणजे शेती-कोंबड्या. मोठा पाऊस मार्चपासून, म्हणून मक्याचं बियाणं आणि खत फेब्रुवारीतच हातात हवं. मे-जून हे कोठ्या रिकाम्या असायचे दिवस, पीक जुलै-ऑगस्टात येतं, धान्य वाटायचंच असेल तर मे-जूनमध्ये वाटा. ख्रिसमसला सगळेच वाटतात, फोटो पण तेव्हाच छान येतात. गावठी कोंबड्या देताना न्यूकॅसल रोगाची लस देणारं माणूस आधी शोधा आणि मग कोंबड्या घ्या, नाहीतर एका आठवड्यात खुराडं रिकामं.

आता पैसे आणायचे कुठून. हरांबे, म्हणजे सगळ्यांनी मिळून वर्गणी, करा, अर्पणातला ठरावीक हिस्सा ठेवा, थोडा का असेना पण दर महिन्याचा. बाहेरचा पैसा आला तर घ्या, पण त्यावर पाया घालू नका. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली आणि जुलैपर्यंत यूएसएआयडी बंदच झाली, तेव्हा अनाथ मुलांच्या किती कार्यक्रमांतल्या माणसांना एका रात्रीत काम थांबवा असा मेल आला. ज्यांचे स्वयंसेवक त्याच गल्लीत राहणारे होते त्यांच्या भेटी तरी चालू राहिल्या.

आणि भारतातून कुणाला मदत पाठवायची असेल तर एका मुलाला दत्तक घेतल्यासारखी स्पॉन्सरशिप मागू नका. तुमच्या नावाचं मूल, त्याचं पत्र, त्याचा वाढदिवस, हे सगळं ऐकायला गोड आहे पण एका घरातल्या एकाच मुलाच्या नावाने पाकीट येतं आणि वरचा बुटांचा गोंधळ दर महिन्याला होतो. घराला द्या, गटाला द्या, आणि वर्षातून एकदा हिशोब मागा.

औषधं आणि वेदी

हा भाग छोटा आहे पण यात तडजोड नाही. ज्या मुलांना एचआयव्ही आहे त्यांना रोज, ठरलेल्या वेळी, आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या घेतल्या तर ती मुलं इतरांसारखीच मोठी होतात. नैरोबीत फादर अँजेलो डी'अगोस्टिनो नावाच्या जेझुइट डॉक्टरांनी १९९२ मध्ये न्युम्बानी सुरू केलं तेव्हा अशा मुलांना निदान शेवट तरी मायेने मिळावा एवढंच हातात होतं, औषधं आल्यावर तीच मुलं शाळा-कॉलेजला जायला लागली. नंतर याच संस्थेने किटुईत अख्खं गाव वसवलं, जिथे अनाथ मुलं आणि मुलं गमावलेले आजी-आजोबा एकाच घरात राहतात.

तर पाळकाने वेदीवरून सगळ्यांसमोर म्हणायला पाहिजे, की प्रार्थना करा आणि गोळ्याही घ्या, आणि बरं वाटलं म्हणून कुणी गोळ्या सोडायच्या नाहीत. एकदा म्हणून भागत नाही. कारण शेजारच्या तंबूत कुणीतरी चमत्काराने बरं करणारा आलेला असतोच. २०२३ मध्ये किलिफी काउंटीतल्या शाकाहोला जंगलात एका पंथाच्या माणसांना उपाशी राहायला लावलं, चारशेच्या वर प्रेतं निघाली, त्यात कितीतरी मुलं. त्यानंतर चर्च आणि मुलं हे दोन शब्द एकत्र आले की लोक प्रश्न विचारतात, आणि विचारूच देत. रागवायचं नाही, रजिस्टर उघडून दाखवायचं.

कुणाला एचआयव्ही आहे हे फक्त भेट देणाऱ्या एका बाईला आणि क्लिनिकला माहीत असावं. प्रार्थनेच्या विनंत्यांमध्ये नाव नाही, इशारा पण नाही.

मुलं सुरक्षित ठेवायची तर

मुलांच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येकाचं पोलिसांचं गुड कंडक्ट सर्टिफिकेट घ्या, पाळकाचं पण, पाळकाचं आधी. मोठं माणूस आणि मूल बंद खोलीत एकटं नाही. मारायचं नाही. तक्रार आली तर चर्चच्या कमिटीत मिटवायची नाही, सब-काउंटीच्या चिल्ड्रन्स ऑफिसरकडे किंवा पोलिसांत जायची, आणि मुलांना ११६ हा फुकट हेल्पलाइन नंबर पाठ करून घ्या, गाण्यात बसवा.

दारात कुणी बाळ टाकून गेलं तर लगेच कुणा भल्या बाईच्या हातात देऊन मोकळं होऊ नका, हेतू कितीही चांगला असो. पोलिस स्टेशनला नोंद करायची, ओबी नंबर (पोलिसांच्या नोंदवहीतला नंबर) घ्यायचा, चिल्ड्रन्स ऑफिसरला कळवायचं, मूल कुठे ठेवायचं ते ते ठरवतात. भल्या बाईचं नाव तुम्ही त्यांना सुचवू शकता.

फोटो. मुलाचा चेहरा, नाव आणि गाव असं एकत्र फेसबुकवर टाकायचं नाही. केनियात २०१९ पासून डेटा प्रोटेक्शनचा कायदा आहे, पालकाची परवानगी लागते, पण कायदा सोडा, पंधरा वर्षांच्या मुलाला त्याचा शेंबडा, फाटक्या बनियनमधला फोटो वर्गमित्राने दाखवला तर काय वाटेल. परदेशातून पाहुणे आले तर त्यांना घरोघर फिरवू नका, चामाच्या मीटिंगला बसवा आणि बायकांना प्रश्न विचारू द्या, फार मजेशीर प्रश्न विचारतात त्या.

अठरा वर्षांचं झाल्यावर

बरेच कार्यक्रम इथे ढेपाळतात. अठराव्या वाढदिवसाला नाव यादीतून कमी होतं आणि पोरगं बाहेर. तसं न करता सोळाव्या वर्षीच बसून विचारायचं की पुढे काय, आणि फाइल तपासायची. राष्ट्रीय आयडी अठराला निघतो, त्याला जन्मदाखला आणि आईबापाच्या आयडीची झेरॉक्स लागते, ते नसतील तर मृत्यूचे दाखले, आणि ओळख पटवायला चीफ. आयडी नाही म्हणजे स्वतःच्या नावावर सिम नाही, सिम नाही म्हणजे एम-पेसा, म्हणजे फोनवरचं पैशांचं खातं, नाही, आणि एम-पेसा नाही म्हणजे मजुरीचे पैसे दुसऱ्याच्या फोनवर येणार आणि तो त्यातले कापून देणार. भेट देणाऱ्या बाईनेच त्याला घेऊन चीफच्या ऑफिसात जावं, आणि वेटिंग स्लिप (आयडीच्या अर्जाची पावती) मिळाली की तिची एक झेरॉक्स चर्चच्या फायलीत लावून ठेवावी, कारण मूळ स्लिप हमखास हरवते.